पाठमोरा आंबरुश

माझ्या नवऱ्याने उभा जन्म सिनेमात काढला आणि पडद्यावर त्याला ओळखणारी माणसं दोनच. एक मी, कारण त्याच्या अंगावरचा कोट बहुतेक वेळा मीच शिवलेला असायचा. दुसरी आमच्या इमारतीची राखणदारीण गोम्बोशबाई, आणि तिचं काय घेऊन बसलात, ती जिन्यातली मांजरंसुद्धा नावानिशी ओळखते. बाकी सगळ्या बुडापेस्टने आमच्या बोग्नार आंबरुशला पाहिलं ते पाठीकडून.

हसू नका. मला तेव्हाही हसू येत नव्हतं.

त्याचं असं झालं. लग्नाआधी, त्याच्या पहिल्या सिनेमात, त्याला वेटरचं काम मिळालं. सोल्नोकच्या खाटकाचा पोरगा, शहरात येऊन नट व्हायचं खूळ डोक्यात. कान सुपाएवढे, नाक लांब, आणि भुवया अशा की जागेवर म्हणून ठरायच्या नाहीत. सूप आणून ठेवायचं आणि निघून जायचं, एवढंच काम. याने सूप ठेवलं, नायिकेकडे बघितलं, आणि एक भुवई वर गेली. संपलं! दिग्दर्शक ओरडला, "बोग्नार, तुझं तोंड फार बोलतं! लोक नायकाला सोडून तुझ्याकडे बघतील. जरा वळ बघू." हा वळला. तो जो वळला तो वळलाच.

दुसऱ्या कोणी हे मनाला लावून घेतलं असतं. हा माझ्याकडे येऊन अभिमानाने सांगतो, "इल्का, माझ्या तोंडाला घाबरतात गं ते!"

"अरे पण मग तोंड दाखवणार कधी?" मी म्हटलं.

"येईल वेळ," तो म्हणाला. हे त्याचं 'येईल वेळ' मी इतकी वर्षं ऐकलं की माझे कान किटले.

मी तिथेच कपडेपटात शिवणकामाला होते. आमच्याकडे स्टुडिओला सगळे कारखानाच म्हणतात, आणि होताही तो तसाच, सकाळी भोंगा व्हायचा तेवढा बाकी होता. पोलिसाचा गणवेश उसवून टपालवाल्याचा करायचा, टपालवाल्याचा उसवून स्टेशनमास्तरचा. आणि तिन्हींच्या आत आमचाच माणूस, कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा. त्या पाठीसाठी मी जीव तोडून शिवायची. पुढून टाके कसेही असले तरी चालायचे, पुढचं कोण बघणार होतं! पण मागची शिवण सरळ हवी. देशातली सगळ्यात नीटनेटकी पाठ होती ती, माझ्यामुळे.

आणि घरी सराव! देवा रे देवा. वेटरच्या कामाआधी माझ्या आईच्या चिनीमातीच्या बशा एका हातावर रचून हा खोलीभर फिरायचा. चार बशा गेल्या त्यात. मरणाच्या कामाआधी स्वयंपाकघरात मरायचा. खुर्चीवरून घसरून, ओट्याला धरून, दाराला टेकून. मी पळी हातात घेऊन उभी. "आंबरुश, सूप गार होतंय. मर एकदाचा लवकर आणि जेवायला बस."

"घाईत मेलं की खोटं वाटतं गं," तो जमिनीवरून सांगायचा.

आणि पडद्यावर काय दिसलं त्यातलं? बुटांचे तळवे. एकदा मेला तो नेमका झेंड्याखाली, तर वाऱ्याने झेंडा तोंडावर. एकदा त्याला चक्क एक अख्खं वाक्य मिळालं, "साहेब, गाडी सुटली," आणि ते बोलताना इंजिनाच्या वाफेने त्याला गिळून टाकलं. ते वाक्य नंतर दुसऱ्याच कोणीतरी खोलीत बसून भरलं. बरं, हा चिडेल, कोणाला बोलेल, तेही नाही. माझ्याच अंगाची लाही व्हायची.

घरात त्याच्या तोंडावर मनापासून खूश असलेलं माणूस एकच होतं. आमची टेक्ला. तान्ही होती तेव्हापासून ती त्याच्या भुवयांवर डोळे लावून बसायची. याने उजवी उचलली की ही खिदळायची, डावी उचलली की लपायची. मोठी झाली तरी खेळ तोच. शाळेतून चिडून आली की हा काही बोलायचा नाही, समोर बसून नुसत्या भुवया नाचवायचा, आणि ती फिस्सकन हसायची. मी म्हणायची, "एवढा मोठा नट, आणि प्रेक्षक एक!" तर टेक्ला म्हणायची, "आई, तू गप गं. मला समोरची जागा मिळालीय."

मग छप्पन साल आलं. उठाव, रणगाडे, गोळ्या, पावाच्या रांगा. नोव्हेंबरात एका सकाळी आंबरुश पाव आणायला गेला, मी शेजारी गेले होते, आणि परत आलो तर टेक्लाचा कोट खुंटीवर नव्हता. दोन मैत्रिणींबरोबर सरहद्द ओलांडून गेली. सांगून गेली असती तर आम्ही जाऊ दिलं नसतं, हे तिलाही ठाऊक होतं. एकोणीस वर्षांची पोर. आंबरुश तो पाव हातात धरून दारातच उभा राहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याच्या भुवया अगदी स्थिर पाहिल्या.

फिरत फिरत ती पोहोचली कुठे, तर सिडनीला! जगाच्या नकाशावर याहून लांब जागा नाही, मी बघितलंय. तिथे एका कीथ नावाच्या सुताराशी लग्न केलं. पत्रं यायची, फोटो जायचे. आम्ही पासपोर्टसाठी अर्ज केला, तो परत आला. पुन्हा केला, पुन्हा परत. पळून गेलेल्या मुलीच्या आईबापांना कोण सोडतंय बाहेर! तिने यायचं म्हटलं तर तिची मान अडकायची भीती. असं सगळं त्रांगडं.

आणि मग एका पत्रात तिने लिहिलं, "फोटोतले बाबा नुसते बसलेले असतात. त्यांचं तोंड हलताना कसं दिसायचं ते मी विसरायला लागलेय. त्यांचा एखादा सिनेमा इकडे आला तर बरं होईल."

आमचे सिनेमे, आणि सिडनीला! आणि आले असते तरी काय बघितलं असतं तिने, बापाची पाठ? आंबरुशने पत्र घडी करून खिशात ठेवलं. संध्याकाळी आरशासमोर उभा राहून भुवया उचलून बघत होता. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

आता ऐका. चौसष्ट साली आमच्या कारखान्यात परदेशी मंडळी आली, मोठा सिनेमा काढायला. गोष्ट बव्हेरियातल्या एका गावाची, पण जुनी गल्ली आमच्याकडे स्वस्त पडते म्हणून सगळं इथेच. दिग्दर्शक म्हणजे लाल मफलर गुंडाळलेला एक उंच माणूस, सारखा घड्याळाकडे बघणारा. तो एक दिवस कपडेपटात आला टोप्या बघायला. तेवढ्यात आंबरुश माझा चष्मा घेऊन दारात हजर, मी तो घरी विसरले होते.

लाल मफलरवाला टोपी हातातच ठेवून याच्याकडे बघत राहिला. मग बोट दाखवून ओरडला. दुभाषी पोरगी म्हणाली, "साहेब म्हणतायत, हे तोंड! मला हे तोंड पाहिजे!"

आणि आमच्या शहाण्याने काय केलं? सवयीने पाठ फिरवली.

मी त्याला दोन्ही खांद्यांना धरून परत फिरवलं. देवाशप्पथ, धरून फिरवलं.

काम कसलं मिळालं म्हणता! गावातल्या खानावळीच्या मालकाचं. नायक परका, गावात त्याला कोणी विचारत नाही. शेवटी हा मालक त्याच्यासमोर बिअरचा पेला घेऊन येतो, म्हणतो, "आता तू आमचा," आणि त्याच्या पेल्याला पेला भिडवतो. त्या वेळी मालकाचं तोंड पडदाभर. पडदाभर! सिनेमा सगळ्या जगात जाणार, इंग्रजीत. ऑस्ट्रेलियाचं नाव दुभाषी पोरीकडून आंबरुशने तीनदा विचारून पक्कं केलं. त्याच दिवशी टेक्लाला कळवलं की सिनेमा येईल तेव्हा पुढच्या रांगेत बस, तुझा बाप येतोय, समोरून.

सगळं जुळून आलं होतं. आणि आमच्या घोड्याने पेंड खाल्ली कुठे, तर बिअरवर.

आता आमच्यात बिअरचा पेला कोणी कोणाच्या पेल्याला लावत नाही. वाइन असो, आमची फळांची दारू पालिंका असो, हवे तेवढे भिडवा, फुटेपर्यंत भिडवा. बिअर नाही. अठराशे एकोणपन्नासात ऑस्ट्रियावाल्यांनी आमचे तेरा सेनापती मारले आणि म्हणे बिअरचे पेले भिडवून साजरं केलं. तेव्हापासून नाही. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून पोरं हेच बघतात, पेला उचलायचा, मान हलवायची, प्यायचं. कोणी शिकवत नाही. हात आपोआप थांबतो.

चित्रीकरणाच्या दिवशी मी तिथेच होते, सुई-दोरा घेऊन. त्याचं जाकीट मी शिवलेलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा पुढची बटणं नीट लावलेली. दिवे लागले. आंबरुश चालत आला, काय चालत आला हो! जन्मभर खानावळ चालवल्यासारखा. "आता तू आमचा" म्हणाला. उजवी भुवई जराशी वर गेली. टेक्लाला हसवणारीच भुवई होती ती. नायकाने पेला पुढे केला. आंबरुशचा हात पुढे गेला, बोटभर अंतरावर आला, आणि मागे फिरला.

"थांबा!" लाल मफलरवाला म्हणाला. "पेला लावायचा."

"हो हो, माफ करा," आंबरुश म्हणाला.

पुन्हा. हात गेला, थांबला, परत.

पुन्हा. परत.

त्यात आणखी गंमत बघा, मागच्या टेबलांवर बव्हेरियाच्या टोप्या घालून बसलेली सगळी आपलीच माणसं. त्यांनाही पेले भिडवायला सांगितलं होतं. एकानेही भिडवला नाही. सगळे आपले पेले उचलून माना हलवत बसले. दिग्दर्शकाने मफलर काढून जमिनीवर आपटला. दुभाषी पोरगी बिचारी घाम पुसत तेरा सेनापतींची गोष्ट सांगत होती.

"पण हे बव्हेरिया आहे!" तो ओरडला. "ऑस्ट्रिया नाही!"

आंबरुश खाली मान घालून म्हणाला, "साहेबांना सांगा, माझ्या हाताला भूगोल कळत नाही."

मागचे सगळे हसले. मला अशी तिडीक गेली! मी पडद्यामागून म्हटलं, "आंबरुश, टेक्ला! टेक्लाला आठव आणि लाव तो पेला!" त्याने माझ्याकडे बघितलं. रडवेला झाला होता. विनोद करत नव्हता तो.

सामानवाला देझ्यो धावत आला. भला माणूस. म्हणाला, "आंबरुश, मी यात चहा घालतो. वर अंड्याचा पांढरा फेस. बिअरचा थेंब नाही. मग तर झालं?" चहा भरला, फेस घातला. हात गेला, थांबला, मागे. चहासुद्धा! मी म्हटलं, मेल्या, चहाने कोणते सेनापती मारले रे?

"वाइन चालेल का?" आंबरुशने विचारलं. "वाइन असेल तर मी वाटेल तेवढ्या वेळा लावतो."

"बव्हेरियातल्या खानावळीत वाइन!" दिग्दर्शक हताश होऊन खाली बसला.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हा माणूस तर पडद्यावर पंचवीस-तीस वेळा मेला होता, तरी गेली नाही.

मागच्यांना पेले खाली ठेवून गाणं म्हणायला लावलं, ते त्यांनी आनंदाने म्हटलं. पण आंबरुशचं पेल्यावाचून भागणार नव्हतं. उन्हं उतरायला लागली. शेवटी लाल मफलरवाल्याने कॅमेरा उचलून उलट बाजूला लावला, नायकाच्या तोंडासमोर. आंबरुशचा फक्त हात आत येणार. "निदान हात तरी लावा," तो म्हणाला, अगदी विनवून. हात आत गेला. थांबला. मागे आला.

"पुरे," दिग्दर्शक म्हणाला, आणि घड्याळ बघत निघून गेला.

दिवे विझवताना देझ्यो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, त्याला घालूनपाडून बोलू नका. माझ्याच्यानेही झालं नसतं."

बोलू नका म्हणे! मी घरी पोहोचेपर्यंतही थांबले नाही, ट्राममध्येच सुरू केलं. "तुझ्या खापरपणजोबाने बुटांना टाचा ठोकण्यापलीकडे काही केलं नाही! सेनापतींशी तुझं नातं काय? पोरगी तिकडे तुझं तोंड विसरत चाललीय, आणि तू इकडे अठराशे एकोणपन्नास घेऊन बसलायस!"

"मी मुद्दाम करत नाही गं, इल्का," तो म्हणाला. "मी हाताला सांगतो, तो ऐकत नाही."

"मग तोडून टाक तो हात!"

अख्खी ट्राम आमच्याकडे बघत होती. त्या दिवशी मी आलुबुखाराचे गोळे केले होते, दालचिनी-साखर घालून, त्याचे आवडते. हातही लावला नाही त्यांना त्याने. आणि त्याने जेवण सोडलं की मला आणखी राग येतो, हे त्याला एवढ्या वर्षांत कळलं नव्हतं.

सिनेमा पुढच्या वर्षी आमच्याकडेही लागला. मी म्हटलं, जायचं नाही. पण गोम्बोशबाईने अख्खी इमारत गोळा केली होती, "आपला आंबरुश जगाच्या सिनेमात!" आम्ही मधल्या रांगेत, जणू वरातीतच. खानावळीचा प्रसंग आला. नायकाचं तोंड पडदाभर. "आता तू आमचा" हे शब्द आले ते दुसऱ्याच कुणाच्या आवाजात. खालच्या कोपऱ्यातून एक पेला धरलेला हात आला, मागे गेला, आणि नायक प्यायला. पुढचा प्रसंग सुरू.

गोम्बोशबाई मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, आंबरुश कुठंय?"

"तो हात," मी दात-ओठ खात म्हटलं.

"कुठला हात?" ती म्हणाली. मागून पुढून सगळ्यांनी विचारलं, कुठला हात? कुणाला काही दिसलंच नव्हतं. आंबरुश टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. यापूर्वी निदान पाठ दिसायची.

काही महिन्यांनी टेक्लाचं पत्र आलं. त्यात इतकंच, "सिनेमा पाहिला. बाबा दिसले. लगेच ओळखलं. सविस्तर भेटल्यावर सांगेन, पत्रात नाही जमणार."

मी वाचून दाखवलं. आंबरुश म्हणाला, "दया करते पोरगी." बस. एवढंच. पत्र त्याने परत वाचायलाही मागितलं नाही.

हे खोटं तरी कसलं लिहावं, असं मला झालं. आम्ही डोळे फाडून बघितलं होतं, तिथे बापाचं नखसुद्धा धड नव्हतं, आणि ही म्हणते लगेच ओळखलं! तोंड दिसलं नाही असं सरळ लिहिलं असतं तर त्याने चार दिवस रडून सोडून दिलं असतं. हे त्याच्या पोटात राहिलं. त्यानंतर त्याने फक्त मेलेल्यांची कामं घेतली. दुसरं काही आलं की नको म्हणायचा. मी कारण विचारलं तर म्हणतो, "मेलेल्याला हात हलवावा लागत नाही." आणि घरी सरावही बंद. एकेकाळी त्या सरावाने माझ्या नाकी नऊ आणले होते. आता स्वयंपाकघरात कोणी मरेना तर ती शांतता मला खायला उठायची. मी एकदा मुद्दाम पळी आपटून म्हटलं, "अरे मर की जरा!" तो हसला, पण मेला नाही.

पुढे हळूहळू सरकारची पकड सैल झाली, माफी मिळाली, पळालेली पोरं पाहुणी म्हणून येऊ लागली. आणि अडुसष्टच्या उन्हाळ्यात टेक्ला आली. बारा वर्षांनी. सोबत तो कीथ, उन्हाने लाल झालेला, दारातून वाकून यावं लागणारा. रडारड झाली ती सांगत नाही. पण आंबरुश तिच्याशी बोलताना सारखा खिडकीकडे वळायचा, फुलदाणी सरकवायचा, पाणी आणायला उठायचा. लेक एवढ्या लांबून बापाचं तोंड बघायला आलेली, आणि याचं पाठ दाखवणं चालूच!

मी पापरिका घालून कोंबडी केली होती, सोबत उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांची नोकेडली, काकडीची कोशिंबीर. टेबलावर वाइन ठेवली होती, मुद्दाम. बिअर घरात येऊ द्यायची नाही असं मी तेव्हापासून ठरवलं होतं. पण कीथला वाइन चढते म्हणे! तो खुणांनी गोम्बोशबाईला विचारून खाली गेला आणि बिअरच्या बाटल्या घेऊन आला. आता पाहुण्याला काय बोलणार. मी ग्लास दिले, जीभ चावून.

त्याने आपल्या हाताने चौघांना ओतली. उभा राहिला. आमच्या भाषेतलं "आरोग्य लाभो" एवढंच त्याने घोकून घेतलं होतं, ते म्हणाला, आणि ग्लास पुढे केला.

माझा हात गेला, थांबला, मागे आला. आंबरुशचा हात गेला, थांबला, मागे आला. आणि टेक्लाचा, बारा वर्षं त्या मुलखात काढलेल्या पोरीचा हात गेला, थांबला, मागे आला. कीथचा ग्लास एकटाच टेबलाच्या मधोमध.

टेक्लाने ग्लास खाली ठेवला आणि हसायला लागली, आणि हसता हसता हमसून रडायला लागली. "कीथ! बघ! बघितलंस? हाच तो हात! सिनेमातला!"

आंबरुश पांढरा पडला. "कुठला सिनेमा?"

"कुठला काय, बाबा? लिहिलं नव्हतं का मी? सिनेमा संपत आला तरी तुम्ही दिसेना. कीथ म्हणाला, कापला असेल. मी रडकुंडीला आलेली. आणि मग तो हात आला, पेला घेऊन, अगदी जवळ गेला, आणि मागे! मी खुर्चीवरून उठलेच. ओरडले, ते माझे बाबा! लोक म्हणाले, बाई, खाली बसा. कीथला विचारा."

कीथने जोरजोरात मान हलवली, काही कळलं नसणार तरी.

"अगं पण इथे कोणालाच दिसलं नाही!" मी म्हटलं. "अख्खी इमारत घेऊन गेलो होतो."

"आई, तुम्हाला कसं दिसेल? इथे कोण भिडवतं? तिथे सगळे भिडवतात. लग्नात, समुद्रावर, कामावरून सुटले की. मी एकटी हात मागे घेते, आणि दरवेळी कोणीतरी विचारतं, तुझं काय बिनसलं? बारा वर्षांत दुसरा हात मागे जाताना पाहिला तो त्या पडद्यावर. तो दुसऱ्या कोणाचा असणार? मी तीनदा जाऊन बघितला."

आंबरुशने हातातला ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "म्हणजे तू खोटं लिहिलं नव्हतंस."

"तुमच्याशी कशाला खोटं लिहीन मी?"

त्याने घसा साफ केला आणि विचारलं, काय विचारलं माहितीय? "हात... काम म्हणून कसा वाटला? मागे घेताना जरा घाई झाली का?"

मी कपाळावर हात मारला. काय माणूस आहे हा! एवढी वर्षं मला आणि स्वतःला जाळलं, आणि आता हे!

"नाही बाबा," टेक्ला म्हणाली. "जितका वेळ हवा तितकाच घेतलात."

त्याचे डोळे भरले, आणि तो लगेच खुर्चीत वळला, खिडकीकडे, पाठ करून. टेक्ला उठली. टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर गेली, गुडघ्यांवर बसली, आणि मी त्या कपडेपटात केलं होतं तसंच त्याचे दोन्ही खांदे धरून त्याला इकडे फिरवलं.

"इकडे, बाबा. समोरून. मी एवढ्या लांबून आलेय."

तो तिच्याकडे बघत राहिला. नाक लाल, गाल ओले. आणि मग उजवी भुवई हळूच वर गेली, आणि ती एकतीस वर्षांची बाई फिस्सकन हसली.

मी दोनदा ओरडले की कोंबडी गार होतेय. कोणी ऐकेल तर शपथ.